राजाचा दिवाणखाना आणि कामकऱ्यांचा अर्ज



अठराव्या शतकातील युरोपात जे बुद्धिवादी विचारवंत होऊन गेले, त्यांचा तेथील समाजावर आणि राज्यकर्त्यांवर काय परिणाम झाला, हा प्रश्न इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत एका ठरीव साच्यात मांडलेला असतो. एका बाजूस व्हॉल्टेअर, माँतेस्क्यू, दिदरो, रूसो ही नावे. दुसऱ्या बाजूस प्रशियाचा फ्रेडरिक, रशियाची कॅथराइन, ऑस्ट्रियाचा जोसेफ हे राजे. आणि मधे एक सरळ रेघ. विचारवंतांनी लिहिले, राजांनी वाचले, प्रजेचे कल्याण झाले! आमची सारी उमेद कामगार संघटनेच्या कामात गेली. एखादा विचार मनास पटला म्हणून कोणा मालकाने आपण होऊन पगार वाढविला, असे एवढ्या वर्षांत आमच्या पाहण्यात आले नाही. त्यामुळे ही सरळ रेघ प्रथम वाचली तेव्हापासूनच आम्हांला खटकत आली. तिचा छडा लावावा म्हणून आम्ही वाचीत गेलो, तो तो रस्ता आम्हांला सेंट पीटर्सबर्गहून लंडनला आणि तेथून थेट आपल्या बुधवार पेठेत घेऊन आला. त्याच क्रमाने आज सांगावयाचे आहे.

प्रथम रशियाची राणी. कॅथराइन १७६२ साली गादीवर आली. तिला वाचनाचा खरोखरीच नाद होता. व्हॉल्टेअरशी तिचा पत्रव्यवहार चाले, आणि दिदरोवर तर तिची विशेष मर्जी. दिदरो म्हणजे प्रसिद्ध फ्रेंच विश्वकोशाचा संपादक. सुऱ्या-कात्र्या घडविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. म्हणूनच की काय, त्या विश्वकोशात तत्त्वज्ञानाच्या जोडीला मोजे विणण्याच्या यंत्राचेही वर्णन आले आहे, आणि ते खुद्द दिदरोने लिहिले आहे. मुलीच्या हुंड्याची सोय व्हावी म्हणून त्याने आपला ग्रंथसंग्रह विकावयास काढला, तेव्हा १७६५ साली कॅथराइनने तो विकत घेतला, पुस्तके त्याच्याच घरी राहू दिली, आणि वर त्याला आपला ग्रंथपाल म्हणून पगार सुरू केला. असा ग्राहक कोणाला नको असेल?

१७६७ साली ह्या राणीने नव्या कायद्यांची दिशा दाखविणारा एक मोठा मसुदा प्रसिद्ध केला. त्यातील निम्म्याहून अधिक कलमे तिने माँतेस्क्यूच्या आणि बेकारियाच्या ग्रंथांतून उचलली होती. छळ करून कबुलीजबाब घेऊ नये, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने असावी, असे त्यात होते. मसुदा इतका पुढारलेला ठरला की फ्रान्सच्या राजाने आपल्या राज्यात तो विकू दिला नाही. येथवर क्रमिक पुस्तके सांगतात. परंतु त्याच १७६७ साली त्याच राणीच्या सरकारने दुसरा एक हुकूम काढला. जमीनदाराच्या मालकीच्या भूदास शेतकऱ्याने आपल्या धन्याविरुद्ध राणीकडे फिर्याद आणली, तर त्यालाच शिक्षा व्हावी! रशियातील भूदास म्हणजे जमिनीला जखडलेला माणूस; त्याची खरेदी-विक्रीही चाले. अशा माणसाजवळ एकच हत्यार उरलेले होते, ते म्हणजे अर्ज. ज्या वर्षी राणीने माँतेस्क्यूची कलमे उतरून घेतली, त्याच वर्षी तिने ते हत्यार काढून घेतले.

दिदरो तिला भेटावयास गेला तो १७७३ च्या ऑक्टोबरात. पाच महिने तो तेथे होता, आणि वरचेवर दुपारी राणीशी त्याची खाजगीत बैठक होई. तो तिला शाळा काढण्याविषयी सांगे, व्यापाराविषयी सांगे, भूदासांविषयीही विचारी. बोलण्याच्या भरात तो हातवारे करी, म्हणून राणी मधे मेज ठेवू लागली, अशी आख्यायिका आहे. आता ह्याच पाच महिन्यांत रशियाच्या पूर्वेकडे काय चालले होते पाहा. पुगाचोव्ह नावाच्या एका कोसॅकाने, आपणच मेलेला झार तिसरा पीटर आहोत असे सांगून, बंड उभारले होते. त्याच्या झेंड्याखाली कोसॅक, खाणीतले मजूर आणि पुढे भूदास हजारांनी जमले, आणि ऑक्टोबर १७७३ पासून मार्च १७७४ पर्यंत त्यांनी ओरेनबर्ग शहराला वेढा घातला होता. म्हणजे दिवाणखान्यात जितके महिने स्वातंत्र्याची चर्चा चालली, जवळजवळ तितकेच महिने बाहेर वेढा चालला. दिदरो मार्चमध्ये परत निघाला. पुगाचोव्ह पकडला गेला आणि जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. पुढे, तुम्ही तत्त्वज्ञ कागदावर काम करता, कागद सारे सोसतो, आम्हांला माणसाच्या कातडीवर काम करावे लागते, अशा आशयाचे उत्तर आपण दिदरोला दिले होते असे राणी सांगत असे. उत्तर चतुर आहे. मात्र कातडी कोणाची, हे तिने सांगितले नाही.

ह्या राणीच्याच राज्यातला रादिश्चेव्ह नावाचा अधिकारी. त्याने फ्रेंच ग्रंथ मनापासून वाचले आणि १७९० साली पीटर्सबर्ग ते मॉस्को ह्या प्रवासाचे पुस्तक लिहून भूदासांची स्थिती उघडी केली. त्याला मरणाची शिक्षा ठोठावण्यात आली, मग दया करून सायबेरियात धाडण्यात आले. पाहुण्या विचारवंताला पगार आणि घरच्या विचारवंताला हद्दपारी! रशियातील भूदासपद्धती मोडली ती १८६१ साली.

फ्रेडरिकची कथा थोडक्यात सांगतो. त्याने गादीवर येताच १७४० मध्ये न्यायचौकशीतील छळ जवळजवळ बंद केला, आपल्या राज्यात धर्ममतांची सक्ती ठेवली नाही, व्हॉल्टेअरला १७५० पासून तीन वर्षे आपल्याजवळ ठेवून घेतले. हे मोठेच काम. पण १७६३ साली पोमेरानिया प्रांतातील भूदासपद्धती बंद करण्याचा हुकूम त्याने दिला आणि जमीनदारांनी डोळे वटारताच तो गुंडाळून ठेवला, कारण त्याच्या फौजेचे अंमलदार ह्याच जमीनदारांचे मुलगे होते. ऑस्ट्रियाचा जोसेफ ह्या तिघांत सर्वांत प्रामाणिक. त्याने १७८१ साली बोहेमियातील भूदासांना लग्न करण्याची, गाव सोडण्याची, धंदा शिकण्याची मोकळीक दिली, आणि वेठबिगारीलाही हात घातला. पण त्याच्यामागे उभे राहील असे संघटित कोणीच नव्हते. हुकूम वरून आला होता. १७९० मध्ये तो मरण पावला तेव्हा कित्येक सुधारणा त्यानेच मागे घेतल्या होत्या, आणि वेठबिगार त्याच्या भावाने परत आणली.

ह्याचा अर्थ त्या विचारवंतांचे श्रम वाया गेले असा कोणी करू नये. व्हॉल्टेअरचे सर्वांत तेजस्वी काम राजवाडा सोडल्यावरचे आहे. १७६२ साली तुलूझ शहरात जाँ कालास नावाच्या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला, धर्म बदलू पाहणाऱ्या मुलाचा खून केला अशा खोट्या आरोपावरून चाकावर हाडे मोडून ठार मारण्यात आले. व्हॉल्टेअर तेव्हा अडुसष्ट वर्षांकडे झुकलेला. त्याने पत्रे लिहिली, पत्रके छापली, वर्गणी जमविली, वकील दिले, तीन वर्षे हा विषय निजू दिला नाही, आणि १७६५ साली मेलेल्या कालासला निर्दोष ठरवून घेतले. येथे त्याने राजाचे मन वळवीत बसण्याऐवजी राजाच्या पाठीमागे लोकमत उभे केले. ही दुसरी वाट. तिच्यावरून पुढे चालत गेला तो टॉमस पेन.

पेनविषयी आम्ही जरा सविस्तर बोलणार आहोत. तो आमच्याच जातीचा माणूस आहे. जात म्हणजे धंद्याची. १७३७ साली इंग्लंडातील थेटफर्ड गावी त्याचा जन्म. बाप बायकांच्या घट्ट अंगवस्त्रांत घालावयाच्या पट्ट्या शिवून ती वस्त्रे तयार करणारा. मुलगाही तोच धंदा शिकला. पुढे त्याला अबकारी खात्यात नोकरी लागली. पगार वर्षाला ५० पौंड, त्यातच घोडा बाळगावयाचा. १७७२ साली त्या खात्यातील नोकरांनी वर्गणी केली आणि पगारवाढीचा अर्ज लिहिण्याचे काम पेनवर सोपविले. त्याने तो लिहिला, छापून घेतला आणि त्या हिवाळ्यात लंडनला राहून पार्लमेंटच्या सभासदांना वाटला. पोट भरेल इतका पगार दिला नाही तर नोकर लाच खाणारच, असा त्याचा बिनतोड मुद्दा होता. अर्जाचे काही झाले नाही. पेनला मात्र १७७४ साली नोकरीवरून काढले. कारण काय दिले? रजेशिवाय कामावर गैरहजर! हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून हसलो. अडीचशे वर्षे झाली, कारण तेच आहे.

नोकरी गेली म्हणून पेन अमेरिकेस गेला, आणि जानेवारी १७७६ मध्ये त्याने तेथील लोकांना राजाशी संबंध तोडण्यास सांगणारी पुस्तिका लिहिली, हे सर्वश्रुत आहे. आपल्याला हवे ते पुस्तक म्हणजे ‘राइट्स ऑफ मॅन’, माणसाचे हक्क. त्याचा पहिला भाग १७९१ मध्ये आणि दुसरा १७९२ मध्ये निघाला. राज्य करण्याचा व कायदे करण्याचा अधिकार जन्माने मिळतो ही कल्पना त्याने अशी काही हास्यास्पद करून सोडली की बर्कसारख्या पंडिताच्या सुंदर इंग्रजीलाही तिची अब्रू झाकता आली नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी तर तो चक्क अंदाजपत्रक मांडतो. पन्नाशी उलटलेल्या गरिबाला वर्षाला ६ पौंड, साठीनंतर १० पौंड, गरिबाच्या मुलामागे चौदा वर्षांचे होईपर्यंत ४ पौंड, आणि त्या मुलाने शाळेत गेले पाहिजे. पुस्तकाची स्वस्त आवृत्ती सहा पेन्सांना निघाली. सरकारचा खरा राग ह्या सहा पेन्सांवर होता. महाग पुस्तक वाचणारे वाचून कपाटात ठेवतात. डिसेंबर १७९२ मध्ये पेनच्या गैरहजेरीत त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि तो दोषी ठरला.

त्याच १७९२ च्या जानेवारीत टॉमस हार्डी नावाच्या चांभाराने लंडनमध्ये एक मंडळ काढले होते. आठवड्याची वर्गणी एक पेनी, आणि सभासदांच्या संख्येला मर्यादा नाही. सुतार, विणकर, घड्याळजी असे लोक तेथे जमून पेन मोठ्याने वाचीत. १७९९ साली सरकारने नाव घेऊन ह्या मंडळावर बंदी घातली आणि त्याच वर्षी कामगारांनी पगारासाठी एकत्र येणे हाही गुन्हा ठरविला. दोन्ही कायदे एकाच वर्षीचे, हा आम्ही योगायोग मानीत नाही.

आता पुण्यास येऊ.

पेनची पुस्तके हिंदुस्थानात लवकर पोहोचली होती. कलकत्त्यात त्यांच्या प्रती जहाजाने आल्या आणि कॉलेजातील मुलांनी चढ्या भावाने घेतल्या, अशी तक्रार डफ ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने लिहून ठेवली आहे. पुण्यात पेशवाई बुडून एकोणतीस वर्षे झाली होती, तेव्हा म्हणजे १८४७ साली, स्कॉटिश मिशनच्या शाळेतील शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या वीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांच्या हाती ‘राइट्स ऑफ मॅन’ पडले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गोवंडे, वाळवेकर, परांजपे हे त्यांचे मित्र ब्राह्मण होते आणि वाचन बरोबरीने चाले. एक माळ्याचा मुलगा आणि तीन ब्राह्मणांची मुले एका पट्ट्या शिवणाऱ्याचे पुस्तक वाचीत आहेत, हे त्या वेळच्या पुण्यात किती नवे होते, ह्याची कल्पना आज नीटशी येणार नाही. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात लोकहितवादींची शतपत्रे सुरू झाली. ते आपल्या पुण्याचेच. शतपत्रांतही जन्माच्या मोठेपणावर कडक कोरडे आहेत, आणि ते एका सरदार घराण्याच्या निकटच्या ब्राह्मणाने ओढलेले आहेत, म्हणून त्यांचे मोल अधिक. परंतु लोकहितवादी सरकारी न्यायखात्यातले गृहस्थ, लिहून थांबले. जोतीराव थांबले नाहीत.

पेनच्या पुस्तकात राजे आणि उमराव होते. ती मंडळी पुण्यात नव्हती. पेशवा ब्रह्मावर्तास गेला होता. मग जन्माने मिळणारा अधिकार येथे कोठे आहे, असा प्रश्न जोतीरावांनी केला आणि त्याचे उत्तर त्यांना गावच्या कुळकर्ण्याच्या दप्तरात, भटाच्या पोथीत आणि विहिरीच्या काठावर मिळाले. ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. परदेशी पुस्तक वाचून परदेशी शत्रू शोधणे सोपे असते. १८४८ मध्ये भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रूसोचे नाव स्वातंत्र्याच्या संदर्भात आपण मोठ्या आदराने घेतो, पण त्याने १७६२ च्या ‘एमिल’ ग्रंथात मुलीचे शिक्षण पुरुषाला सुखविण्यापुरतेच ठेवले होते, हे ह्या जागी आठवावे. बुधवार पेठेतील ती शाळा ह्या एका बाबतीत त्या महान फ्रेंच पंडिताच्या पुढे गेली होती.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडीच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. ही त्यांची दिवाणखान्यातली पहिली पायरी. पुढे दिवाणखान्यात ते अनेकदा गेले, पण त्यांची रीत निराळी होती. १८८० मध्ये लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी पुणे नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावे असा बेत निघाला, तेव्हा सरकारने नेमलेल्या सभासदांत जोतीराव एकटे विरुद्ध गेले; हा पैसा शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे. १८८८ च्या मार्चमध्ये हरी रावजी चिपळूणकरांनी राणीच्या मुलाला, ड्यूक ऑफ कॅनॉटला, मेजवानी दिली. जोतीराव तेथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि येथे दागदागिने घालून बसलेल्या मंडळींवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खेड्यात चला, असे त्यांनी सांगितले. दिदरोने मेजावर हात आपटले असतील, पण तो स्वतः भूदासाच्या कपड्यांत गेला नव्हता.

त्याआधी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे त्यांनी लेखी निवेदन दिले. सरकारचा वसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या मुलांवर जातो, हा त्यातला हिशेब. आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी. पेनचे अंदाजपत्रक आणि हे निवेदन शेजारी ठेवून वाचावे. दोघेही आधी पैसा कोठून येतो ते विचारतात. इंग्रज सरकारवर जोतीरावांनी फाजील भिस्त ठेवली, हा त्यांच्यावरचा आक्षेप आम्हांलाही अंशतः मान्य आहे. राणी दूर होती, तिच्यापर्यंत गाऱ्हाणे पोहोचले की काम होईल, ही आशा रशियाच्या शेतकऱ्यांनाही होतीच.

आता एक प्रसंग सांगतो, ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला. १८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. कर्ज, कोर्टकचेऱ्या, जंगलखात्याने गिळलेली चराऊ राने, आळशी गोरे अंमलदार आणि त्यांच्या हाताखालचे चलाख कारकून, हे सारे त्यात आहे. ते हे पुस्तक गावोगाव वाचून दाखवीत. आणि प्रस्तावनेत ते नमूद करतात की बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपला वेळ काढून ते सबंध त्यांच्या तोंडून ऐकले. सयाजीरावांचे वय त्या वेळी वीस-एकवीस. १८८१ च्या अखेरीस त्यांना राज्याचे अधिकार मिळाले होते. आणि हा राजा मूळचा कोण? नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातला मुलगा. १८७५ साली दत्तक जाईपर्यंत त्याला अक्षरओळखही नव्हती. फुलमाळ्याचा मुलगा वाचतो आहे आणि शेतकऱ्याचा मुलगा सिंहासनावर बसून ऐकतो आहे. पीटर्सबर्गच्या बैठकीपेक्षा ही बैठक वेगळी होती, आणि तिचे फळही वेगळे आले. १८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात लागू केले. एका वाचनाने हे घडले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणू तर ज्या सरळ रेघेवर आम्ही हसलो तीच पुन्हा ओढू.

त्याच पुस्तकाची दुसरी हकीकत तितकी गोड नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली, आणि ‘दीनबंधु’ पत्र कृष्णराव भालेकरांनी जानेवारी १८७७ मध्ये येथेच काढले. ते १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईस नेऊन चालविले. ‘असूड’ प्रथम त्यात छापावयाचा होता. दोन प्रकरणे छापून झाली आणि लोखंडे थबकले; पुढची प्रकरणे सरकारला सोसतील असे त्यांना वाटेना. जोतीराव संतापले आणि प्रस्तावनेत त्यांनी आपल्याच लोकांतील छापखानेवाल्यांच्या भित्रेपणावर ताशेरा झाडला. न्याय कोणाकडे? आम्ही संघटनेचे पत्रक काढणारे लोक. छापखान्याला कुलूप लागले म्हणजे पुढचा अंक निघत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून लोखंड्यांना आम्ही भेकड म्हणणार नाही. आणि तरी जोतीरावांचा राग रास्त होता, असेही आम्हांला वाटते. दोघेही बरोबर असून भांडण झाले, असे चळवळीत पुष्कळ वेळा होते.

ह्याच लोखंड्यांनी वर्षभरात जे केले त्याने पेनच्या १७७२ च्या अर्जाचा धागा पुन्हा उचलला गेला. ते स्वतः गिरणीत सामानाच्या कोठारावर काम केलेले. १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला होता, पण त्याने फक्त मुलांना थोडे संरक्षण दिले होते; सात वर्षांखालील मूल कामाला लावू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवू नये, एवढेच. मोठ्यांसाठी काहीही नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनसाठी तयार केला. मागण्या ऐका. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. मागील महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. यंत्रावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटगी. ह्यात स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द कोठेही नाहीत, पण माणसाचे हक्क म्हणजे काय हे ह्याहून स्पष्ट कोणी मराठी मुलुखात तोवर लिहिले नव्हते.

अर्जाला आवक क्रमांक मिळाला आणि तो पडून राहिला, जसा पेनचा राहिला होता. फरक पुढे पडला. लोखंड्यांना कामावरून काढून प्रश्न मिटणार नव्हता, कारण सह्या करणारे गिरणीतच होते आणि ‘दीनबंधु’ दर आठवड्याला निघत होता. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामकरी स्त्रियांनी तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आणले आणि साप्ताहिक सुट्टी कायद्यात घातली. पिंपरी-भोसरीकडच्या आमच्या मंडळींची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून रविवारच्या सभांना ती येत नाहीत, अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पण वार कोणताही असो, तो दिवस ह्या अर्जातून आलेला आहे.

सुट्टी मान्य झाली तेव्हा जोतीराव पक्षाघाताने उजवी बाजू गमावून पुण्यात अंथरुणाशी जखडलेले होते. डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिले, ज्यातला ‘निर्मिक’ पेनच्या देवासारखाच मध्यस्थ न मागणारा आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले, रोग्यांची सेवा करीत असता.

आगरकरांविषयी सांगावयास वेळ उरला नाही. मिल्ल आणि स्पेन्सर वाचून त्यांनी १८८८ पासून ‘सुधारक’ चालविला आणि जिवंतपणी आपली प्रेतयात्रा पाहिली. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा मात्र उल्लेख केलाच पाहिजे. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी आपल्या राज्यातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. जोसेफप्रमाणे हेही हुकूम वरूनच आले. तरी ते परत फिरले नाहीत. शाहू महाराजांच्या राज्यात सत्यशोधक जलसे होते, जातीजातींची वसतिगृहे होती, आणि त्या हुकुमावर नोकरी मिळालेली, ती सहजी सोडणार नाहीत अशी माणसे होती.

उलट बाजूही पाहावी. बडोदे आणि कोल्हापूर करू शकले ते कलकत्त्याच्या कौन्सिलात आपल्या गोपाळराव गोखल्यांना करता आले नाही. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. बोलणारा देशातील उत्तम, आकडे बिनचूक, बडोद्याचा दाखला हाताशी, मागणी अगदी सौम्य. १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडले. मैदानावरचे दहा हजार त्या दिवाणखान्याच्या बाहेर उभे नव्हते. प्राथमिक शिक्षण हा मुलाचा हक्क आहे असा कायदा साऱ्या देशात अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. जोतीरावांनी हंटरसाहेबापुढे ते मागितले त्याला तेव्हा एकशे अठ्ठावीसावे वर्ष चालू होते.